तिसऱ्या प्रहरचा चहा आणि वेगळा कप

केकवर अग्रलेख लिहिण्याची पाळी आपणांवर येईल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. गोदावरीच्या पात्रातील घाण, लासलगावच्या बाजारातील कांद्याचे भाव, शहरातील खड्डे हे आमचे नित्याचे विषय. त्यांतून सवड काढून खाण्याच्या जिनसांकडे वळावे असे फावलेपण आमच्यापाशी नाही. परंतु गेल्या पंधरवड्यात आम्ही जे पाहिले ते मनातून जाईना, आणि ज्या गोष्टी मनातून जात नाहीत त्या लिहून काढण्यापलीकडे पत्रकर्त्यास दुसरा उपाय नसतो.

जुन्या नाशकातील एका व्यापारी स्नेह्यांकडे त्यांच्या नातवाचा वाढदिवस होता. तिसऱ्या प्रहरी, म्हणजे साडेचारच्या सुमारास, चहाचे आमंत्रण होते. पाच-पंचवीस मंडळी जमली होती. मुलास पाटावर बसवून प्रथम औक्षण झाले, आणि मग त्याच मुलाने केकवरील मेणबत्त्या फुंकून विझविल्या. एकाच घटकेत दिवा ओवाळावयाचा आणि दिवा मालवावयाचा, ह्यातील विसंगती आमच्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध शास्त्रीबोवांनी हळूच दाखवून दिली. पण केकचा तुकडा हाती येताच तेही गप्प झाले. टेबलावर चिवडा होता, शंकरपाळे होते, नारळाच्या वड्या, नानकटाई आणि मधोमध केक. घरच्या आजीबाईंनी विचारले, “काय रे, अंड्याचा नाही ना?” चिरंजीव म्हणाले, “नाही हो आई, विचारून आणलाय.” तेव्हा त्यांनीही तो खाल्ला आणि बरा आहे असा अभिप्राय दिला.

इथवर सर्व आनंदाचे झाले. त्या घरी अकरा वर्षे भांडी घासणारी एक बाई आहे. त्या दिवशी ती आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलासह सकाळपासून राबत होती. मुलाने फुगे फुगविले होते आणि यजमानांच्या नातवाबरोबर दिवसभर तो खेळतही होता. पाहुण्यांचे आटोपल्यावर त्या दोघांस केक मिळाला, नाही असे नाही. तो वर्तमानपत्राच्या फाडलेल्या तुकड्यावर मिळाला, आणि ते पान आमच्याच पत्राचे होते. चहा मिळाला तो कान तुटलेल्या कपात. तो कप स्वयंपाकघराच्या खिडकीत, इतर भांड्यांपासून दूर, पालथा घातलेला असे. बाईने तो स्वतः उचलला, स्वतः विसळला, त्यात वरून चहा ओतून घेतला, आणि मायलेक मागच्या पायरीवर जाऊन बसले. कोणी कोणास काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही घडत आहे असे कोणास वाटलेच नाही.

आमचे हे स्नेही दुष्ट नव्हेत. वाचनालयास त्यांनी देणगी दिलेली आहे, दुकानात सर्व जातींचे नोकर आहेत, आणि जातिभेद वाईट हे ते व्यासपीठावरूनही सांगतात. त्यांस दोष देत आम्ही घरी आलो, आणि मग एक शंका येऊन स्वतःच्या स्वयंपाकघरात गेलो. तेथेही मोरीच्या कट्ट्यावर एक कप निराळा होता. तो कोणी ठेवला, केव्हापासून ठेवला, हे घरातील कोणासच सांगता येईना. आमच्या घरी सुधारणेच्या गप्पा गेली वीस वर्षे चालू आहेत.

महाराष्ट्रात चहाचा पेला आणि त्याबरोबरचा गोड पदार्थ ह्यांवरून जेवढे वाद झाले तेवढे पंचपक्वान्नांवरूनही झाले नसतील. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग प्रभृतींनी परमहंस सभा स्थापिली. तिच्या सभासदास दीक्षेच्या वेळी ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. जातिभेद आपण मोडला ह्याची ती खूण होती. पण सगळा कारभार गुप्त! १८६० साली सभासदांच्या नावांचे कागद चोरीस गेले, नावे फुटणार अशी भीती पडली, आणि सभा विरून गेली. ज्यांनी पाव धीराने खाल्ला त्यांस तो खाल्ल्याचे चारचौघांत सांगण्याचा धीर झाला नाही. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्या काळी वाळीत पडणे म्हणजे मुलीचे लग्न अडणे, न्हाव्याने आणि भटजीने पाठ फिरविणे आणि प्रेतास खांदा द्यावयास माणूस न मिळणे असे होते.

त्यानंतर तीस वर्षांनी पुण्यास तोच प्रसंग उघड्यावर घडला. १८९० सालच्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील नामांकित मंडळी जमली होती. कार्यक्रमानंतर मिशनच्या बायांनी चहा व बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी भिडेखातर पेला हाती धरून तसाच खाली ठेवला. पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी तेथे हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली, आणि सगळे पुणे पेटले. त्या यादीत महादेव गोविंद रानडे होते आणि बाळ गंगाधर टिळकही होते. म्हणजे सुधारक आणि सुधारकांचे कडवे टीकाकार एकाच बिस्किटाच्या ताटलीपाशी सापडले. फिर्याद शंकराचार्यांकडे गेली, चौकशीसाठी शास्त्रीमंडळी पुण्यास आली, ग्रामण्य माजले. टिळकांनी धर्मशास्त्राच्याच आधाराने आपली बाजू मांडली आणि आपले प्रायश्चित्त काशीस होऊन गेले आहे असे सांगितले. रानड्यांनी दीर्घकाळ मौन धरले आणि अखेर १८९२ साली, बहिष्कारामुळे मित्रांच्या घरी जी अडचण उत्पन्न झाली होती ती दूर व्हावी म्हणून, प्रायश्चित्त घेतले. त्यावरून सुधारकांनी त्यांस बोल लावले. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ ह्या १९१० साली निघालेल्या पुस्तकात ह्या प्रकरणाची हकीकत लिहून ठेवली आहे. ती ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी.

नाशिककरांस ही कथा परकी नाही. रानड्यांचा जन्म ह्याच जिल्ह्यातील निफाडचा, १८४२ सालचा; १८७८ साली ते येथील न्यायालयात बदलून आले होते. आम्ही वकिलीच्या धंद्यातले असल्यामुळे आम्हांस त्या प्रकरणात एका गोष्टीचे विशेष नवल वाटते. एवढी मोठी चौकशी झाली, एवढे विद्वान बसले. पण चहाबरोबरचे बिस्कीट चांगले होते की वाईट, ते पोटास हितकर की अपायकारक, हा प्रश्न कोणी विचारला नाही. प्रश्न एकच होता: ते कोणाच्या हातचे? आजही आमच्या घरांतून प्रश्न एकच आहे, फक्त त्याची दिशा उलटली आहे. पूर्वी आपण कोणाच्या हातचे खाल्ले ह्याचा विटाळ होता. आता आपल्या कपातून कोण प्यायले ह्याचा आहे.

बिस्किटाचा विटाळ कसा गेला हे पाहण्यासारखे आहे. तो शास्त्रार्थाने गेला नाही. व्यापाराने आणि आगगाडीने गेला. आगगाडीच्या मोठमोठ्या ठेशनांवर ‘हिंदू चहा’, ‘मुसलमान चहा’ अशा आरोळ्या स्वराज्य मिळेपर्यंत ऐकू येत. पण डब्यात बाकावर शेजारी कोण बसला आहे हे कोण विचारणार? दिल्लीस १८९८ साली हिंदू बिस्कीट कंपनी निघाली आणि आमची बिस्किटे उच्चवर्णीय हिंदूंच्याच हातची आहेत अशी तिने जाहिरात चालविली. शास्त्राने जे निषिद्ध मानले होते ते जाहिरातीच्या एका ओळीने शुद्ध झाले! पुढे विलेपार्ल्याच्या कारखान्यातून ग्लुकोज बिस्किटे घराघरांत आली तेव्हा ती कोणाच्या हातची हे विचारण्याचे भानही लोकांस राहिले नाही. आज तान्ह्या मुलापासून श्राद्धास आलेल्या पाहुण्यापर्यंत सर्व जण ती चहात बुडवून खातात.

केकची वाट थोडी लांबची आहे. इंग्रजांमध्ये तिसऱ्या प्रहरच्या चहाची चाल १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसबाईंनी पाडली असे सांगतात. रात्रीचे जेवण उशिरा, मधल्या वेळी भूक लागे, म्हणून चहाबरोबर पाव, लोणी आणि केक. आमच्याकडे मधल्या वेळच्या खाण्याची रीत होतीच. तीत चहा नव्हता एवढेच. नाशकात केक आला तो दोन दारांनी. एक दार देवळालीच्या लष्करी छावणीचे, जेथे गोऱ्या शिपायांसाठी भट्ट्या पेटत. दुसरे शरणपूरचे. तेथे चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइस नावाच्या पाद्र्यांनी गेल्या शतकापूर्वीच्या शतकात, १८५४ च्या सुमारास, ख्रिस्ती वसाहत उभारली. गुलामीतून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे शिकत असत. डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा त्याच शाळेचा विद्यार्थी. नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरून आलेला केक कित्येक सोवळ्या घरांत परसदारी गायीपुढे ठेवला जाई, आणि मुले आईची पाठ वळताच तो गायीपुढून उचलून खात, असे आम्ही आमच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून ऐकले आहे.

ह्याच जिल्ह्यातील जलालपूर गावी जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचले म्हणजे ते सोवळे घरात किती खोल गेलेले होते हे कळते. वडिलांचा सोवळ्याचा अतिरेक त्यांनी लहानपणी सोसला. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तरी त्यांनी स्वतः बराच काळ आपले खाणेपिणे निराळे ठेवले. अखेर विचार करकरून, माणसामाणसांतील हा भेद देवाने केलेला नव्हे असे मनाशी ठरवून, त्यांनी ते सोडले. व्याख्यान ऐकून नव्हे, बहिष्काराच्या भीतीने नव्हे, आपल्या आपण. आमच्या मते त्या एका बाईच्या निश्चयाचे वजन पुण्याच्या सगळ्या ग्रामण्यापेक्षा अधिक आहे.

अंड्याचा प्रश्न मात्र खरा आहे. तो सोवळ्यात जमा करून उडवून लावणे योग्य नव्हे. ज्यास अंडे वर्ज्य आहे त्याच्या ताटलीत ते न सांगता घालणे ही फसवणूक होय. विलायती केकचे जुने प्रमाण सोपे असे: मैदा, लोणी, साखर आणि अंडी, चारी समभाग. त्यातील अंडे काढून दही व सोडा, अथवा आटवलेले गोड दूध घालून आमच्या लोकांनी निराळा केक सिद्ध केला, आणि त्यामुळे तो आजीबाईंच्या ताटलीपर्यंत पोचला. नानकटाई तर त्याहून जुनी सोयरीक. सुरतेच्या पारशी भट्टीवाल्यांच्या नावाशी ती जोडलेली आहे, आणि अंडे नसल्यामुळे गुजराती व मारवाडी पेढ्यांवर तिला मज्जाव कधी झालाच नाही. बंद वेष्टनातील मालावर शाकाहाराची हिरवी खूण व अंडे असल्यास निराळी तपकिरी खूण छापणे कायद्याने आवश्यक केले आहे. परंतु भट्टीवरून सुटा आणलेला केक बिनखुणेचा असतो. तेव्हा विकणाऱ्याने सांगावे, घेणाऱ्याने विचारावे, आणि यजमानाने दोन्ही प्रकार ठेवावयाचे असल्यास ताटल्या निराळ्या, सुऱ्या निराळ्या ठेवून पाहुण्यास आधीच सांगून टाकावे. पदार्थ निराळा ठेवणे आणि माणूस निराळा ठेवणे ह्या दोन गोष्टींची गल्लत मात्र कोणी करू नये. आमचे काही मित्र वेगळ्या कपाचे समर्थन करताना शाकाहाराचा आधार घेतात. ज्या बाईच्या हातून घासलेल्या ताटांत आपण दोन्ही वेळ जेवतो, तिने प्यालेला कप त्याच साबणाने स्वच्छ होत नाही, हे कोणते शास्त्र? स्वच्छतेचा मुद्दा असता तर तो कप कान तुटलेला नसता.

ज्यांनी हे कोडे चहाच्या पेल्यानेच सोडविले त्यांची नावे येथे घेतली पाहिजेत. कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे एक इसम होते. पाण्यास शिवल्याच्या सबबीवरून त्यांस मारहाण झाली. महाराजांनी त्यांस भांडवल देऊन भर रस्त्यावर चहाचे दुकान घालून दिले. अस्पृश्याच्या दुकानी चहा कोण पिणार? महाराज फिरावयास निघाले म्हणजे गाडी त्या दुकानापुढे थांबवीत, स्वतः चहा पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजीत. महाराजांच्या हातातील पेला पाहून नाही म्हणण्याची कोणाची छाती होणार! रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी, जे ह्याच जिल्ह्यातील भगूरचे, १९३३ साली तेथे अखिल हिंदू उपाहारगृह सुरू करविले. सर्व जातींना तेथे एका ठिकाणी बसून खातापिता येई. त्यांच्या इतर मतांविषयी आमचे मतभेद आहेत; ते ह्या विषयात आणण्याचे कारण नाही.

आणि आमचे नाशिक? २ मार्च १९३० रोजी डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुष काळाराम मंदिराच्या दारांशी येऊन उभे राहिले आणि आमच्या वडिलांच्या पिढीने ती दारे लावून घेतली. सत्याग्रह पाच वर्षे चालला. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्यास डॉक्टरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि ते येवलेही ह्याच जिल्ह्यातले. ज्या शहराच्या नावावर हा इतिहास लिहिलेला आहे त्या शहरात कपाचा प्रश्न क्षुल्लक आहे असे कोणी म्हणू नये.

कायदा काय म्हणतो असे व्यापारी वाचक आम्हांस विचारतील, कारण दुकाने व उपाहारगृहे चालविणारे पुष्कळ जण आमचे वर्गणीदार आहेत. उत्तर सरळ आहे. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचे आचरण हा गुन्हा ठरविला आहे. १५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे ह्यांत जातीवरून कोणास अटकाव करता येत नाही. १९५५ च्या अधिनियमाने, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, उपाहारगृहातील भांडी वापरण्यासही अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी केल्यास शिक्षा सांगितली आहे. म्हणजे टपरीवर कोणासाठी पेला वेगळा टांगून ठेवणारा मालक फौजदारीस पात्र होतो, हे ज्यांस ठाऊक नसेल त्यांनी आज ठाऊक करून घ्यावे. परंतु आमच्या स्नेह्यांच्या खिडकीतील कप आणि आमच्या मोरीवरील कप हे ह्या कलमाच्या टप्प्यात येत नाहीत. घराच्या उंबऱ्याशी हे कलम थबकते. तेथून पुढे यजमानीण आणि यजमान हेच न्यायाधीश.

चहाबद्दल राष्ट्रीय बाण्याच्या मंडळींचे जुने आक्षेप आम्हांस मान्य आहेत. आसामच्या मळ्यांवर मजुरांची जी दैना झाली, करार मोडणाऱ्या मजुरास तुरुंगात धाडणारा १८५९ चा कायदा तेथे ज्या रीतीने वापरला गेला, त्याची आठवण प्रत्येक घोटास यावी अशी आहे. महात्मा गांधींनी चहा सोडण्यास सांगितले होते. त्यांचे ऐकणाऱ्यांची संख्या वाचकांस ठाऊकच आहे. परदेशी साखरेवर १९०५ च्या स्वदेशी चळवळीत बहिष्कार पडला, आणि पुढे आपल्याच मालेगाव तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली रावळगावचा साखर कारखाना काढला. तेथल्या गोळ्या १९४२ पासून निघू लागल्या आणि त्या चघळतच आमच्या कित्येक वाचकांचे बालपण गेले असेल. चहा राहिला, साखर राहिली, केक आला. जे राहिले आहे ते निदान नीट वाढावे.

तर वाढण्याविषयी चार शब्द. नाशकाच्या एप्रिल-मेच्या उन्हात मलईचा केक तिसऱ्या प्रहरी टेबलावर ठेवणे म्हणजे पैसे वितळताना पाहणे होय. त्या दिवसांत साधा अथवा माव्याचा केक, नानकटाई, नारळाची वडी हेच बरे. थंडीत सुक्या मेव्याचा केक चार दिवस आधी करून ठेवला तरी बिघडत नाही. माघ-फाल्गुनात निफाड-दिंडोरीची द्राक्षे घरोघर आलेली असतात. टेबलावर त्यांचा घड असला म्हणजे केकचे निम्मे काम होते, आणि मधुमेही पाहुण्याने मोजकीच उचलली तरी त्याचा मान राहतो. चिवडा, चकली, सांजा हे आधी द्यावे, गोड मागून. गोड आधी खाल्ले की चहा फिका लागतो आणि मग पाहुणा साखर मागतो. साखर निराळी ठेवावीच. केकचे तुकडे लहान करावेत, ज्यास हवा तो पुन्हा घेईल. आग्रहाची आपली जुनी खोड केकच्या बाबतीत घातक आहे, कारण लाडू नको म्हणणाऱ्यास तो परत ठेवता येतो, पण मलई लागलेला तुकडा ताटलीत पडला की तो कोणीतरी संपविलाच पाहिजे. बहुतेक घरी तो घरची सूनच संपविते.

सून म्हटल्यावर दुसरी गोष्ट आठवते. पंचवीस पाहुण्यांचा चहा करणारी गृहिणी त्या दिवशी ओट्यापाशी उभी होती. सर्वांचे झाल्यावर तिने जो चहा घेतला तो थंड होता आणि केकचा तिच्या वाट्यास आलेला भाग म्हणजे पुठ्ठ्यास चिकटलेली मलई. चहा मोठ्या किटलीत भरून टेबलावर ठेवावा, कप मांडावेत, ज्याने त्याने ओतून घ्यावा. म्हणजे ती बाहेर येऊन बसेल. पुरुषमंडळींना चहा ओतता येत नाही हा समज आम्ही स्वानुभवाने खोटा ठरविला आहे. पहिल्या दिवशी टेबलक्लॉथ तेवढा खराब झाला.

आणि कप मोजताना घरात त्या दिवशी जितकी माणसे आहेत तितके मोजावेत. काम करणारी बाई, तिचा मुलगा, फुलांची परडी घेऊन आलेला, गाडीवर बसून राहिलेला चालक, सगळी. दोन डझन कप अधिक लागले तर ते आणावेत. जो मनुष्य हजार-दीड हजारांचा केक आणतो त्यास ह्याची अडचण पडू नये. तुटका कप फेकून द्यावा. तो नुसता कपाटात सरकवून ठेवला तर महिन्याभराने पुन्हा खिडकीत येतो, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

हे सर्व आम्ही आमच्या स्नेह्यांशी बोललो. ते काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “वकीलसाहेब, आमची काही हरकत नाही हो. पण आईला कोण सांगणार?” आम्ही आजीबाईंपाशी गेलो. त्यांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मला कशाला सांगता? तो कप मी नाही ठेवला. मला वाटलं सूनबाईनं ठेवला.” सूनबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, सासूबाईंना आवडणार नाही म्हणून त्या तो हलवीत नव्हत्या. अकरा वर्षे तो कप दोघींच्या मध्ये खिडकीत बसला होता, आणि दोघींपैकी कोणाचाच नव्हता.

परवा एका कागदावर सही घ्यावयाची म्हणून आम्ही पुन्हा त्या घरी गेलो होतो. चहा आला. वाढदिवसातल्या नानकटाया उरल्या होत्या त्याही आल्या. स्वयंपाकघराचे दार उघडे होते. बाईच्या हातात निळ्या फुलांचा, कानाचा कप होता, आमच्या हातात होता तसलाच. मुलापुढे बशीत नानकटाई होती. सूनबाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि बाई फरशीवर. बाजूला आणखी एक खुर्ची रिकामी होती. यजमानांचे लक्ष आमच्या नजरेकडे गेले. ते उठले, ती खुर्ची त्यांनी थोडी पुढे सरकविली, आणि येऊन कागदावर सही केली. आम्ही निघालो तोवर त्या खुर्चीवर कोणी बसले नव्हते.